शिक्का मारलेला फुटबॉल

टीव्हीवर तिसऱ्यांदा 'डिस्क वाचता येत नाही' असं आलं, तेव्हा मी डिस्क बाहेर काढून उलटी केली. चकचकीत बाजूवर जांभळ्या शाईत आमच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का होता. ठसठशीत. एकही अक्षर पुसट नव्हतं.

जेवणं नुकतीच झाली होती. चार वाजता व्हिडिओ गेमवर फुटबॉलचा सामना होता, आणि तो बघायला ग्रंथालय समिती येणार होती. आणि फुटबॉलच सुरू होत नव्हता.

नगर जिल्ह्यातल्या एका विद्यापीठात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे शेतीची डिग्री करणारी मुलं बरीच, त्यातली बहुतेक हॉस्टेलवर राहणारी. वाचनकक्षामागची एक खोली रिकामी करून मी तिथे व्हिडिओ गेम ठेवले होते. मोठा टीव्ही, कन्सोल म्हणजे गेम चालवायचं मशीन, आणि चार गेमच्या चार डिस्क. पुस्तकासारख्याच त्या कार्डावर मिळायच्या, फक्त खोलीबाहेर न्यायच्या नाहीत. "मॅडम, डिस्क कशाला? डाउनलोड करा," असं मुलं मला शिकवायची. पण ऑडिटला कपाटात हात लावून दाखवता येईल अशी वस्तू लागते. डाउनलोडला हात कुठे लावणार?

ती खोली मला फार आवडायची. कधी काउंटरच्या पुढे न आलेली मुलं खेळायला म्हणून आत यायची आणि नंबर लागेपर्यंत मासिकं चाळायची. मला तेवढं पुरे होतं. समितीचे अध्यक्ष डॉ. कानवडे यांना मात्र ती खोली डोळ्यांत खुपायची. ते कृषिविद्या विभागाचे प्रमुख, म्हणजे पिकं आणि मशागत हा त्यांचा विषय. त्यांना तिथे जुने प्रबंध ठेवायचे होते. "खेळायला मैदान आहे की," हे त्यांचं म्हणणं. बैठकीत पुष्कळ वाद झाला. शेवटी ठरलं की समिती एक कार्यक्रम बघेल आणि खोली ठेवायची की नाही ते तिथेच सांगेल.

मी गायकरांना हाक मारली. गायकर आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले, ग्रंथालयात माझ्याहून जुने. नवीन पुस्तकं दाखल करणं, म्हणजे त्यांना नंबर देणं, शिक्का मारणं, लेबल लावणं, हे काम त्यांचं.

"गायकर, हे कुणी केलं?"

"मीच की. काल जाताना चारी डिस्कवर मारून टाकले. समिती येनार आन् आपल्या वस्तूवर शिक्का न्हाई, बरं दिसतं का ते?"

"अहो, पण खालच्या बाजूला?"

"वर चित्र हाय ना, मॅडम. चित्रावर न् मजकुरावर शिक्का मारायचा न्हाई, कोऱ्या जागेवर मारायचा. कोरी जागा खालीच हुती."

नियमात माणूस पक्का होता. फक्त डिस्कची जी बाजू कोरी दिसते, तिच्यावरच सगळा गेम साठवलेला असतो. मशीन खालून लेझरचा किरण टाकून तो वाचतं. मध्ये शाई आली की वाचन बंद.

वनस्पती रोग विभागाच्या प्रयोगशाळेत स्पिरिट असतं. ते आणायला मी शेजारच्या इमारतीत पळाले. परत येईपर्यंत गायकर स्वस्थ बसले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना चुटपुट लागली होती. कपाटांना रंग दिला तेव्हाचा थिनर त्यांना आठवला. थिनरने शाई गेली, पण तिच्याबरोबर प्लास्टिकची चकाकीही गेली. फुटबॉल, मोटारींची शर्यत आणि क्रिकेट, तिन्ही डिस्क मोतीबिंदू झाल्यासारख्या दुधाळ झाल्या होत्या.

ते बघून मी ओरडणारच होते, पण गायकरांचं तोंड एवढंसं झालं होतं. "माझ्यामुळं खोली जानार, मॅडम," ते म्हणाले.

"चौथी कुठे आहे?"

चौथी सगळ्यात खाली होती, म्हणून वाचली. ती कुणी मागतच नसे. शेतीचा गेम होता. परदेशातली कुठलीशी शेतं, त्यात ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, माल विकायचा. मऊ फडक्यावर स्पिरिट घेऊन मी मधून कडेकडे पुसत गेले. गोल गोल पुसलं तर ओरखडे मशीनला जास्त बाधतात. शिक्का हळूहळू गेला. डिस्क आत सरकवली, आणि टीव्हीवर हिरवंगार रान दिसलं. गायकरांनी हात जोडले.

चार वाजता खोली भरली. फुटबॉल रद्द, त्याऐवजी नांगरणीची स्पर्धा, असं मी जाहीर केलं. मुलांनी नाराजीचा असा सूर काढला की मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मुलींच्या हॉस्टेलच्या संघाची कॅप्टन रेश्मा, राजूरची. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, सकाळपासून प्लॉटवर हेच केलंय आमी. आता इथंबी ट्रॅक्टर?"

"कर एवढं माझ्यासाठी," मी म्हणाले. पुढच्या खुर्चीवर डॉ. कानवडे घड्याळ बघत होते.

रेश्माने रिमोट हातात घेतला. ट्रॅक्टर निघाला. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला मागून कुणीतरी म्हणालं, "नांगराचं तास वाकडं चाललंय." तिसऱ्या फेरीला वळताना तिने नांगर उचलला नाही, तशी अख्खी खोली बोलायला लागली. "नांगर वर घे की." "आधी मातीतली वल बघ, वल." "ह्या रानात एवढ्या घाईनं नांगरत्यात व्हय?" वाचनकक्षातली मुलंही दारात येऊन उभी राहिली आणि सल्ले द्यायला लागली.

डॉ. कानवडे बराच वेळ दम धरून होते. मग उठलेच. "अगं, कडेला वळायला जागा सोड आधी."

"सर, आमच्याकडं भाताची खाचरं. वळायला जागाच नसती," रेश्मा म्हणाली, आणि तिने रिमोट सरळ त्यांच्या हातात दिला.

मशागतीच्या प्रमुखांनी पहिल्याच वळणाला ट्रॅक्टर कुंपणातून ओढ्यात घातला. खोलीत कुणी हसेना. मग सरच म्हणाले, "ब्रेक कुठला?" आणि सगळे एकदम सुटले. सरसुद्धा.

सामना संपायचं नाव घेईना. शेवटी मीच टीव्ही बंद केला. समितीचे लोक खोलीतच उभ्याने बोलले. डॉ. कानवडे म्हणाले, "गेम साफ चुकीचा आहे. ओलीचा पत्ता नाही, बियाण्याचं प्रमाण भलतंच, नांगरट तर बघवत नाही. पोरं चुकीचं शिकतील."

कपाटापाशी उभ्या गायकरांनी मान खाली घातली.

"तेव्हा," सर पुढे म्हणाले, "दर आठवड्याला आमचा एक वर्ग इथे बसेल आणि यातल्या चुका काढेल. प्रॅक्टिकलचे मार्क देऊ. प्रबंधांचं बघू दुसरीकडे कुठेतरी."

खोली राहिली. फुटबॉलची नवी डिस्क आली, तीही मुलं खेळतात, पण गर्दी होते ती शेतीच्याच दिवशी. कार्यक्रम कसा आखावा, असं आता मला इतर ग्रंथपाल विचारतात. मी सांगते, लोकांना त्यांच्या माहितीतलं काहीतरी चुकीचं दाखवा. त्या गेममध्ये नांगरट बरोबर असती, तर आज त्या खोलीत प्रबंध असते.