अप्पांची आठवी गाडी

तळहात टेबलावर आपटायचा आणि विचारायचं, "गाडी कंची, ते आधी सांगा!" ही अप्पांची रीत. टीव्हीवर यान आभाळात चढलेलं, दुकानातली गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायलीत, आणि हे विचारणार, "साधी का जलद? मधी थांबे किती?"

मी म्हटलं, "अप्पा, मधी काय बी न्हाई हो. नुसतं आभाळ हाय."

"मग जलद म्हणा की तसं," म्हणून ते चहा प्यायला मोकळे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी सुटते, पण ड्यूटी काही संपत नाही. अप्पा आमच्या तालुक्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कधी सुटणार, ते माइकवर सांगायचे. कन्नड, मराठी, दखनी, तिन्ही भाषांत सांगायचे आणि तिन्ही भाषांत सारखेच खेकसायचे. स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. रिटायर झाल्यावर चौथ्याच दिवशी ते जुन्या वेळापत्रकांचा गठ्ठा घेऊन आले. मागच्या कोऱ्या बाजूंवर कादंबरी लिहिलेली! पुढच्या कुठल्याशा काळात आपल्या बीदर-कलबुर्गीकडची माणसं मंगळावर, शुक्रावर, गुरूच्या चंद्रांवर राहायला गेली आहेत आणि त्यांची ने-आण करायला यानं सुटतात, असा मामला.

मी तीस पानं टाइप केली तरी कादंबरीत माणूस म्हणून आला नाही. नुसते यानांचे प्रकार.

"अप्पा, गोष्ट कवा सुरू व्हायची?"

"फलाटाला गाडीच न्हाई, तर माणसं कशात बसवू अक्का?"

मग केलं टाइप.

मुक्कामी गाडी तुम्हाला ठाऊक असेल. संध्याकाळी खेड्यात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच जेवतात, झोपतात, आणि सकाळी तीच पहिली गाडी म्हणून निघते. अप्पांनी ती शुक्रावर पाठवली. नेमके कॉलेजातले फिजिक्सचे सर झेरॉक्सला आले होते. ते म्हणाले, "अप्पा, शुक्रावरची एक रात्र आपल्या दोन महिन्यांची असते."

दुसऱ्या कुणी ते पान फाडलं असतं. अप्पा तिसऱ्या दिवशी नवे कागद घेऊन आले. त्यात ड्रायव्हरनं यानामागं कोथिंबीर लावली होती, कंडक्टरचं तिथल्याच मुलीशी लग्न ठरलं होतं, आणि सकाळ झाली तेव्हा दोघंही परत यायला तयार नव्हते.

"अहो, पण तिथं शिसं वितळतं एवढी उष्णता!" सर म्हणाले.

"सर, तुमी मे महिन्यात कलबुर्गीला उतरले न्हाईत वाटतं," अप्पा म्हणाले.

सर पेटले. यानांचे प्रकार इंजिनावरून करतात, असं त्यांचं म्हणणं. अणुइंधनाची वेगळी, प्रकाशाच्या शिडावर चालणारी वेगळी. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि टेबलावर हात आपटला. "इंजिन डायव्हरला ठावं असलं की बास. फलाटावरचा माणूस काय इचारतोय सर? ही गाडी माझ्या गावात थांबती का, एवढंच इचारतोय."

झालं! तोच त्यांचा शास्त्राधार. यान कुणासाठी थांबतं, त्यावर त्याचा वर्ग. साधं यान कुणी उल्केवरून हात केला तरी थांबणार. जलद यान गुरूशिवाय कुठं बघणारसुद्धा नाही. वऱ्हाडाचं यान कधीच वेळेवर सुटत नाही, कारण नवऱ्याचा एक मामा चंद्रावर रुसून बसलेला असतो. मालवाहू यानात माणूस आणि शेळी न्यायला मनाई. तरी प्रत्येक मालवाहू यानात एक शेळी होती. असे सात प्रकार, आणि आठवा, राहिलेल्यांची गाडी. तिला नंबर नाही, वेळ नाही. सगळी यानं गेली की ही रिकामी सुटते, एकेका दगडापाशी थांबते आणि कुणी राहिलंय का बघते. एक माणूस मिळाला तरी त्याला घेऊन परत फिरते. पुरतं एक पान होतं. खरं सांगते, मला ते पान भरतीचं वाटलं होतं.

उदगीरच्या एका प्रकाशकानं पुस्तक घ्यायचं कबूल केलं आणि अप्पा अगदी पोरासारखे झाले. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचे, "बुक निघायलंय माझं." पण त्यांची छाती तेव्हाच दुखायला लागली होती. दुकानाचा जिना चढताना मधेच थांबायचे आणि वर "हा विनंती थांबा हाय" म्हणून आम्हालाच हसवायचे. मला मात्र एकच घोर लागला होता. पुस्तक यांच्या डोळ्यांदेखत निघावं.

आणि एका दुपारी प्रकाशकाचा फोन आला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मवर छापतात. अप्पांचं एक पान जास्त होत होतं. "संध्याकाळपर्यंत एक पान कमी करून पाठवा. नाहीतर आता पुढच्या वर्षी बघू." अप्पांना त्याच दिवशी तपासणीसाठी बीदरला नेलेलं, फोन बंद. पुढचं वर्ष! मला जिन्यावरचा तो थांबा आठवला आणि देवाचं नाव घेऊन मी आठवी गाडी उडवली. पाठवून दिलं. सातावर भागेल, यांच्या ध्यानातही येणार नाही, असं मनाला समजावलं.

पुस्तकं आली. अप्पांनी पहिली प्रत दुकानातच उघडली. वास घेतला. माझ्याकडं बघून हसले. मग बोटांवर मोजत पानं उलटायला लागले. सातव्या बोटावर थांबले, मागं गेले, पुन्हा मोजलं.

"अक्का, आठवी कुठं हाय?"

मी घडलं ते सगळं सांगितलं. वाटलं, आता माइकवरचा आवाज निघणार. पण ते खुर्चीवर बसले.

"एका जत्रेला दुबलगुंडीकडची शेवटची गाडी भरून गेली," ते म्हणाले. "मी माइकवर सांगितलं, गाड्या संपल्या, आता उद्या. तिन्ही भाषांत सांगितलं. रातभर केबिनीतच झोपलो. सकाळी भाईर आलो, तर गावाकडं जायची माझी माय फलाटावर बसलेली. बायको माहेरी, घराला कुलूप. मी म्हणलो, माय, मी आत केबिनीत होतो की. मला कामून सांगितलं न्हाईस? तर म्हणती, 'तुला सांगितलं असतं तर तू गाडी काढला असतास, आन् लोक म्हणले असते, साहेबानं आईसाठी गाडी काढली.'"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तवापासून दर जत्रेला एक रिकामी गाडी मागून सोडायलो. कुणासाठी बी. लई मेमो खाल्ले अक्का, पण सोडली."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी तिथंच रडले. अप्पाच उठले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "रडायचं काय त्यात? पान छापा. चिटकवू!"

मग काय तो सोहळा! मी पान काढलं, त्यांनी डिंकाची बाटली आणली. दुकानातल्या सगळ्या प्रतींना आठवी गाडी जोडली. पण पंचवीसेक प्रती मी अप्पा यायच्या आधीच गाड्यांवरून पाठवून दिल्या होत्या. अप्पा एकेका प्रतीमागं निघाले. खिशात डिंक, हातात पानं. जनवाड्याला एक कंडक्टर जेवायला बसलेला, त्याच्या ताटाशेजारी पान चिकटवलं. मादन हिप्परग्याच्या मास्तरांना दारातूनच विचारलं, "वाचलंत का?" मास्तर घाबरून म्हणाले, "न्हाई अप्पा, येळच मिळंना." "लई बरं केलात! आधी पान लावू." परत येताना बाटली खिशात फुटली आणि सदरा अंगाला असा चिकटला की घरी कात्री लावावी लागली. फिजिक्सच्या सरांच्या प्रतीत मात्र त्यांनी दोन पानं लावली. "तुमाला दोनदा वाचावं लागंल," म्हणाले.

संक्रांतीच्या आधी अप्पा गेले. झोपेतच गेले, कुणाला उठवलं नाही. स्टँडवर ड्रायव्हर लोकांनी पाच मिनिटं एकही गाडी हलू दिली नाही. अप्पा असते तर आधी त्यांनाच झापलं असतं.

दिवसकार्य झाल्यावर अप्पांच्या पत्नी दुकानात आल्या. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. पदराखाली पुस्तक होतं. अप्पांची स्वतःची प्रत, तीच, पहिली उघडलेली.

"अक्का, मी वाचायले. गल्लीतली पोरं म्हणतात आठ गाड्या हायत. यात तर सातच हायत."

मी प्रत हातात घेतली. खरंच, आठवं पान नव्हतं. माणूस हिप्परग्यापर्यंत बाटली घेऊन फिरला, आणि स्वतःच्या पिशवीत टाकलेल्या घरच्या प्रतीला लावायचं राहून गेलं. माझ्याकडं छापलेलं एकही पान उरलं नव्हतं. नवं काढलं. कडा कापल्या, डिंक लावला, हातानं दाबून धरलं. पान जरा तिरकंच बसलं.

"अव्वा, वाळायला येळ लागंल थोडा. घरी जावा, मी आणून देते."

त्यांनी खुर्ची ओढली आणि पुस्तकावर माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"बसते की. आता घरी वाट बघायला कोण हाय?"

पान वाळेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.