पाणी पिणारे नीलवंत

डोंबिवलीत फुलपाखरांना अहो-जाहो करणारी एकच व्यक्ती आहे आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या आहे. सोसायटीच्या चेअरमनला ती सगळ्यांदेखत 'अरे बाळ्या' म्हणते. पण कढीपत्त्यावर फुलपाखरू उतरलं की तिचा आवाज एकदम खाली येतो. "बसा, बसा. घाई नाही." चैत्र लागला की दर रविवारी सकाळी ती मोठमोठ्या फुलांचा पंजाबी ड्रेस घालते आणि मला घेऊन शीळफाट्याच्या बाजूला उरलेल्या झाडीत शिरते. ड्रेसला फुलपाखरं फसतात, हा तिचा सिद्धांत. आजवर एक मधमाशी तेवढी फसली, आणि तिने डंख मला मारला.

खरी अडचण तिच्या हातांची. ते थरथरतात, औषधांना जुमानत नाहीत. त्यामुळे तिच्या मोबाइलमध्ये रिकाम्या पानांचा मोठा संग्रह आहे. फॅमिली ग्रुपवर ती नेमाने एकेक पान टाकते आणि खाली लिहिते, "आत्ताच उडाले. पान अजून हलतंय बघा." भाचेमंडळी हसतात. त्यात परवा तिला उन्हात चक्कर आली आणि माझ्या बायकोने निकाल दिला, "आत्या, हा रविवार शेवटचा." आत्याने वाद घातला नाही. मला त्याचीच धास्ती वाटली.

त्या रविवारी ऊन चढेपर्यंत हिंडलो, काही नाही. परतताना रस्त्याकडेला टँकर भरायची जागा लागली. गळक्या पाइपाखाली चिखल झालेला, आणि त्यावर तळहाताएवढा काळाभोर, निळ्या झळाळीचा नीलवंत, आपल्या राज्याचं फुलपाखरू! आत्या कित्येक उन्हाळे त्याच्या मागे होती. मी काही बोलायच्या आत ती त्या ड्रेसनिशी चिखलात पालथी झाली, कोपरं मातीत रोवली, आणि हात थांबले.

भरलेला टँकर समोर घुरघुरत होता. "ओ आजी, उठा ना! गाडी काढायचीय."

"थांब रे! ते पाणी पितायत."

"कोण?"

आत्याने हनुवटीने दाखवलं. ड्रायव्हरने वाकून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मागून हॉर्न वाजला तसा तो ओरडला, "ए, वाजवू नको! आजीचं शूटिंग चालू आहे!"

फोटो असा आला, की पाण्यात टेकलेली सोंडसुद्धा स्पष्ट दिसत होती. ड्रायव्हरने तो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला. चिखलाने माखलेली आत्या गड सर केल्यासारखी उभी राहिली. तिने फोटो तिथूनच ग्रुपवर टाकला, आणि आम्ही रिक्षात बसतोय तोच तिला माझ्या बायकोचा फोन. "आत्या, ग्रुपवर बघितला गं! पुढच्या रविवारी मीपण येते."

"ये. पण बडबड करायची नाही," आत्याने बजावलं.

मग बराच वेळ ती फोटो मोठा करून बघत राहिली. "जावईबापू, यांचे पंख कडेने झिजलेत हो. वय झालेलं दिसतंय."

रिक्षा दिवा गावाच्या फाट्याजवळ अडकली होती. आत्याने मोबाइल पदराआड धरावा तसा ओढणीत गुंडाळला आणि हळूच म्हणाली, "असू दे. पोटभर पाणी तरी मिळालं त्यांना."