नायलॉनच्या घरात शालन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. ख्राइस्टचर्चला वायव्येचं कोरडं वारं सुटलं होतं, चादर बघता बघता वाळली. शालननं पलंगाच्या कडेला बसून दोन टोकं धरली, मी दारात उभा राहून दोन. तिच्या नाकातली ऑक्सिजनची नळी मध्ये येत होती. "ओढू नका एवढं, चादरीबरोबर मीच येईन," म्हणाली. मग म्हणाली, "टोकाला टोक लावा. मिलिट्रीत काय नुसतं जेवलात?" घडी तिच्या मनासारखी झाली. "जरा पडते, चहा ठेवा." मी चहा घेऊन आलो तेव्हा मशीन चालू होतं, नळी नाकात होती... आणि शालन गेली होती.

नळी नाकात होती, हे मी भेटेल त्याला सांगतो. लोकांना वाटतं म्हातारा तेच तेच बोलतो. पण त्या नळीपायी आम्ही सगळा हिवाळा कसा काढला, ते आमच्या घरालाच ठाऊक.

माझं शिक्षण चौथी. एकाहत्तरच्या लढाईत मी फौजेत पेट्रोलच्या गाड्या चालवत होतो. गाडीला मागं जमिनीवर घासणारी लोखंडी साखळी असायची, अंगात साठलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून. एक ठिणगी आणि गाडी, माणूस, सगळं खलास. त्याच वेळी शालन पुण्याकडं दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफेच्या गोळ्यांत दारू भरत होती. आत जाताना केसातला आकडा, जोडवी, मंगळसूत्र, सगळं काढून ठेवायचं, कारखान्याचे सुती कपडे घालायचे, दारावरच्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा आणि मगच आत पाय टाकायचा. माझी आई चिडायची, "नवरा लढाईवर आणि हिचा गळा रिकामा!" शालन म्हणायची, "आत्याबाई, गळ्यात ठेवलं तर गळाच राहायचा नाही." लढाई संपली, मी धडधाकट घरी आलो. आणि त्यानंतर एका साध्या दिवशी तिच्या शेजारी बसणारी यमू भाजून गेली. शालन पाणी प्यायला बाहेर आली होती म्हणून वाचली. कशानं झालं ते कुणालाच कळलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं. न कळलेल्याची भीती शालनच्या अंगात जन्मभर राहिली. तरी नोकरी तिनं पुरी केली, रोज पट्टीला हात लावून.

भूकंपानंतर हे शहर परत बांधायला इंजिनीअर लागत होते. आमचा प्रमोद आधीच इथं शिकायला आलेला, त्याला काम मिळालं आणि त्यानं आम्हाला न्यूझीलंडला, इथल्या हॉर्नबी उपनगरात आणलं. घर भाड्याचं. खाली कार्पेट नायलॉनचं, पडदे नायलॉनचे, नातीच्या अंगात फ्लीसचं जॅकेट. हिवाळ्यात हीटपंप लावला की हवा अशी कोरडी, की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसायचा. शालन पहिल्या दिवशीच म्हणाली, "अहो, हे घर आहे का भुसनळा?" एप्रिलमध्ये ॲन्झॅक डेला, लढाईतल्या जवानांच्या इथल्या स्मरणदिवशी, मी मेडलं लावून पहाटे गेलो, गोऱ्या म्हाताऱ्यांनी हात हातात घेतले. घरी आल्यावर शालन म्हणते, "तुम्ही नुसतं पेट्रोल वाहिलंत. गोळे भरले मी." खोटं नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही.

मग तिची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी घरी मशीन दिलं, हवेतला ऑक्सिजन ओढून नळीतून देणारं. नर्सनं सांगितलं, ऑक्सिजननं आग भडकते, जवळ विडीकाडी नको, बाकी काही भीती नाही. दोन-तीन दिवस बरे गेले. मग इरा, आमची नात, कार्पेटवर पाय घासत धावत आली आणि आजीची पापी घ्यायला वाकली. टिच्च! ठिणगी आजीच्या गालावर, नळीच्या अगदी शेजारी. इरा खिदळली. शालननं नळी उपटली आणि पोरीला लांब ढकललं. पोरगी रडायला लागली, तरी ही "लांब! लांब!" करतेय.

तेव्हापासून इरा घरात असली की मशीन बंद. शाळेला सुट्टी लागली आणि सगळा दिवस बंद. मशीनची घरघर थांबली की मी असेन तिथून पळायचो. तिचे ओठ जांभळे पडायचे, बोलताना वाक्य मोडायचं. मी ओरडलो, "मरायचंय का तुला?"

"मी मेले तर... एकटी मरेन," म्हणाली.

प्रमोदनं समजावलं, "आई, एवढ्याशा स्पार्कनं काही होत नाही. मी इंजिनीअर आहे ना?" नर्सनंही तेच सांगितलं. शालन मला म्हणाली, "तिला सांगा, आमच्या कारखान्यात पण एक साहेब असंच सांगायचा."

मी भांडायचं सोडलं. भंगारवाल्याकडून तांब्याचा पाइप आणला, ठोकून पट्टी केली, तिच्या खोलीच्या दारावर बसवली. पट्टीची तार खिडकीतून बाहेर काढून वाफ्यात ठोकलेल्या लोखंडी गजाला बांधली. प्रमोद डोकं धरून बसला, "बाबा, घर रेंटवर आहे. इन्स्पेक्शनला माणूस आला तर काय सांगू?"

"सांग, आमच्या घरात वेडा म्हातारा आहे. आधी पट्टीला हात लाव, मग बोल."

सूनबाईनं, मनीषानं, बाहेर खुंटी ठोकली. फ्लीसची जॅकेटं तिथं काढायची, सुती कपड्यांत आत जायचं. खोलीतलं कार्पेट सुती सतरंज्यांनी झाकलं. उदबत्ती बंद. देव स्वयंपाकघरात हलवले. शालननं उठून सगळं तपासलं, तार हलवून बघितली. म्हणाली, "आणि दारावर तपासायला कोण?"

"मी आहे की."

तेव्हा कुठं तिनं नळी घातली. तिच्या ओठांचा रंग परत येताना मी खुर्ची दारात आणून ठेवली. तो हिवाळा मी तिथंच काढला. कानात मशीन, डोळा पट्टीवर. भूकंपाच्या बारक्या धक्क्यानं जमीन जरा हलली की आतून आधी आवाज, "इरा कुठंय?" इरा लांबूनच ओरडायची, "आबा, आय टच्ड इट, प्रॉमिस!" तरी मी परत लावायला लावायचो. शेजारचा म्हातारा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून, "किया ओरा" असा माओरी रामराम म्हणत पट्टीला हात लावायचा, देवळातली घंटा वाजवावी तसा. शालन हसायची. हसली की खोकायची, आणि माझा जीव खाली-वर. ती वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मला एवढंच हवं होतं, की तिनं गुदमरून जाऊ नये, आणि भिऊन तर नाहीच नाही.

तसं झालं. नळी नाकात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषानं ताटलीत पीठ पसरलं, वर समई ठेवली, तेल घातलं. माणूस गेलं त्या जागी दिवा लावायचा असतो, तो मी लावायचा. तिनं आगपेटी माझ्या हातात दिली. त्या खोलीत किती दिवसांत आगपेटी आली नव्हती.

मी म्हटलं, "सगळे बाहेर व्हा. इराला घेऊन पार फाटकापाशी जा."

प्रमोद म्हणाला, "बाबा, मशीन तर कालच गॅरेजमध्ये..." माझ्या तोंडाकडं बघून त्यानं इराला उचललं. मनीषाही गेली. दवानं ओल्या गवतातून ती तिघं फाटकापाशी जाऊन उभी राहिलेली मला खिडकीतून दिसली. मी खिडकी सताड उघडली. आतली हवा बाहेर जाऊ दिली. मग काडी ओढली, वातीला लावली.

काहीच झालं नाही.

मी त्यांना हाक मारली.