कळ लावनारी नर्स

वऱ्हाडात मानूस वळखावा त मीच. अकोल्याच्या दवाखान्यातली ती नर्स मातर मले शेवटपर्यंत वळखू आली नाही.

बायको माही अंगानं जाड, दिवस भरून गेले तरी कळा नाही. नर्स तिच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटे, मले वाटे झोपलीच.

एक दिवस म्हने, "जाड बाईले जास्त थांबवलं त लेकराले धोका असते. आता औषध देऊन कळा लावतो."

आमच्या गल्लीत कळ लावनारी म्हंजे भांडनं लावनारी. हिले सुट्टीवर जायाची घाई असन, असा मले संशय. मी दारातच आडवा बसलो.

"बाई, आंबा आपोआप पडन ना, झोडपता काहून?"

तिनं माह्या ढेरीकडं पायलं.

"तुमचंबी पोट भरलेलंच दिसून राहिलं. पन त्यात कोनाचा जीव नाही. सरका."