तिरका काप

शिंपीमास्तर मुळातच संशयी. माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढून घेतं, हे चाळीस वर्षं पाहिलेला माणूस विश्वास ठेवणार तरी कोणावर? दुकान कायमचं बंद केल्यावर त्यांनी घरामागे फळ्या ठोकून गुडघ्याएवढे उंच दोन वाफे केले आणि आईच्या हातच्या घेवड्याचं उरलेलं मूठभर बी त्यात लावलं. शेजारच्या घरात राहणाऱ्या धाकट्या बहिणीनं त्यातल्या चार बिया मागितल्या होत्या. आधी माझं उगवू दे, म्हणत मास्तरांनी तिला वाटेला लावलं.

रानातून जनावरं येतात, हे ठाऊक होतं. म्हणून वाफ्यांभोवती तारेची जाळी ठोकली, दोरीला रिकामे डबे बांधले. तरी एके सकाळी तीन वेल बुडाशी कापलेले! मास्तरांनी चष्मा पुसून देठ बोटावर धरला. काप तिरका, स्वच्छ, एक धागा सुटलेला नाही. जनावर ओरबाडतं, असा काप पडतो तो धारदार कात्रीनंच. आणि कापाच्या बाबतीत मास्तरांना शिकवणारा अजून जन्माला यायचा होता.

गल्लीत तशी कात्री एकच. बहिणीनं शिवणकाम सुरू केलं तेव्हा त्यांनीच आपली तिला दिलेली. झालं, मनात पाल चुकचुकली. ती कपडे वाळत घालताना वाफ्यांकडे का बघते, हल्ली एवढं गोड का बोलते, सगळ्यातच काळंबेरं दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार वेल गेले, तसे मास्तर तडक तिच्या दारात.

"बी दिलं नाही, म्हणून आईच्या वेलांवर कात्री चालवतेस?" तेही शेजारणीच्या देखत.

ती आत गेली, कात्री आणून त्यांच्या हातात ठेवली आणि दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं पुटपुटत मास्तर घरी आले. जेवण मात्र गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ते खिडकीशी दबा धरून बसले. ही बया दुसरी कात्री आणणारच, याची खात्री होती. आला ससा. पाणी घालताना मास्तर जाळीचा जो कोपरा उचलत आणि परत खोचायला विसरत, तिथूनच तो डब्यांना धक्का न लावता आत शिरला. मान वाकडी केली, कच्. तिरका, स्वच्छ काप. मास्तरांना त्याला हाकलायचंही सुचलं नाही.

त्यांनी कोपरा खिळ्यांनी पक्का केला. राहिलेल्या दोन वेलांच्या शेंगा वाळेपर्यंत ते रोज बहिणीच्या दारापर्यंत जात आणि तसेच परतत. लाज वाटायची, दुसरं काय! शेवटी निम्म्या बिया कागदात बांधल्या, कात्री घेतली, शेजारणीलाही मुद्दाम बोलावलं आणि तिच्यासमोरच म्हणाले, "ससा होता. चूक माझी झाली."

बहिणीनं पुडी घेतली. शिवणाच्या मशीनवर नवी, स्वस्तातली कात्री पडली होती.

"जुनी तुझ्याकडेच असू दे, दादा," ती म्हणाली. "पुन्हा काही कापलं गेलं, तर निदान आळ तरी माझ्यावर येणार नाही."