छाती अडतीस

आमच्याकडे कोणी घरी आलं की पाण्याच्या आधी एक वाक्य मिळतं: "किती सुकी गया रे!" म्हणजे, किती वाळलास रे. ही काही तब्येतीची चौकशी नसते, तो नुसता रामराम असतो. भडगावची माझी आत्या तर बाळंतपणानंतर दुप्पट झालेल्या सुनेलाही हेच म्हणते. सगळा खानदेश हे ऐकतो आणि पाणी पितो. मी मात्र मनावर घ्यायचो, कारण आरसाही मला तेच सांगायचा.

लग्न ठरलं तेव्हा वजनं उचलायला लागून मला सहा वर्षं झाली होती. जळगावच्या पिंप्राळ्यात पिठाच्या गिरणीवर आमची जिम होती. तिच्या तीन भिंतींना आरसे होते आणि आम्ही सगळे त्यांत आपापली हाडं शोधायचो. एकाची मान माझ्या मांडीएवढी होती. तो भर मे महिन्यात जॅकेट घालून यायचा, का तर त्याचे काडीसारखे दंड कोणाला दिसायला नकोत. मला त्याचं हसू यायचं. मी स्वतः शर्टाखाली दोन बनियन घालायचो, अंग भरलेलं दिसावं म्हणून. जळगावचं ऊन ज्याने सोसलंय त्याला माझी अक्कल वेगळी सांगायला नको. दिवसाला आठ केळी खायचो, आणि सकाळी उठलो की पहिलं काम म्हणजे मनगटाला बोटांचा वेढा घालून बघणं, आटलं तर नाही ना.

मुलगी धुळ्याची. साखरपुड्याचा कोट मुलीकडचे शिवणार होते. त्यांचा ठरलेला टेलर होता, सत्तरीचा, सगळे त्याला नाना म्हणत. निरोप आला, माप द्यायला या. माप म्हणजे बनियनवर उभं राहायचं, तेही एकाच, आणि होणाऱ्या सासऱ्यांसमोर. मी चार रविवार चार थापा मारल्या. शेवटी फोनवर सांगितलं, इथल्याच टेलरकडून माप घेऊन कळवतो.

बाथरूमची कडी लावली आणि उपाशीपोटी, श्वास सोडून टेप आवळली. त्रेचाळीस. हे काही खरं वाटेना. आणखी आवळली तेव्हा एक्केचाळीस आलं. त्यातून आदल्या दिवशीच्या केळ्यांचे दोन इंच काढले. मग एक इंच प्रामाणिकपणाचा, उगाच फुगवून सांगितलं असं कोणी म्हणायला नको. छाती अडतीस. दंडांचंही असंच केलं. नानांनी दोनदा फोन करून विचारलं, अडतीसच ना? मी म्हटलं, अडतीसच, झाला तर सैलच होईल.

साखरपुड्याच्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन मी दोन्ही हात बाह्यांत एकदमच घातले. कोट कोपरांच्या जरा वर चढला आणि थांबला. पुढे जाईना, मागे येईना. मुसक्या बांधल्यासारखा मी उभा, बाहेर गुरुजींची घाई. होणाऱ्या मेव्हण्याने येऊन जोर लावला तशी पाठीची शिवण टरकन उसवली, आणि मला त्याच अवतारात बाहेर नेण्यात आलं.

आत्याने एक नजर टाकून निकाल दिला: टेलरने कापड मारलं. आमच्याकडच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. सासऱ्यांचा चेहरा उतरला. नाना तिथेच पाहुण्यांत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पन्नास वर्षांत त्यांच्या कोटाला धुळ्यात कोणी नाव ठेवलं नव्हतं, हे सासऱ्यांनीच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. ते उठले, चष्मा लावून उसवलेली शिवण बघू लागले. एकेक टाका त्यांनी बोटाने चाचपला, चूक आपलीच असल्यासारखा.

"माप कोनी लिधं व्हतं?" त्यांनी विचारलं.

मला मनापासून गप्प बसायचं होतं. माझी लाज त्यांच्या नावावर अगदी फुकटात खपत होती. पण ते चाचपणं बघवेना.

"मीच घेतलं," मी म्हणालो. "मला वाटलं, मी एवढाच आहे."

मग मागून एका म्हातारीने विचारलं, "जवाईबापू, हाऊ कोट तुमना शे का धाकला भाऊना?" आणि सगळं घर हसत सुटलं. गुरुजीही हसले. आत्या तेवढी हसली नाही.

नानाही हसले नाहीत. त्यांनी खिशातून टेप काढली. माझा अडकलेला कोट सोडवला, शर्ट उतरवायला लावला, मग वरचं बनियन. खाली दुसरं निघालं तेव्हा पुन्हा हशा पिकला. नानांनी टेप न आवळता छातीभोवती नेली आणि मोठ्याने सांगितलं, चव्वेचाळीस. मी वाकून बघितलं, टेप पाठीमागे घसरली तर नाही ना. ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. आरशात तर एवढं दिसत नाही, मी पुटपुटलो.

टेप गुंडाळत ते म्हणाले, "दुकानमा मोठा आरसा शे. पन मी आरसामा देखीसन माप लेत नही."

साखरपुडा सासऱ्यांच्या शालीवर उरकला. निघताना आत्याने माझ्या गालावरून हात फिरवला आणि सवयीने म्हणाली, सुकी गया रे तू.

लग्नाला नानांनी दुसरा कोट शिवला, चव्वेचाळीसचा. पहिल्याची फक्त शिवण घातली आणि सैल न करता तसाच परत दिला. तो आता पिंप्राळ्यात आमच्या कपाटात असतो. मी आरशासमोर जास्त वेळ रेंगाळलो की बायको तो काढून देते. मी हात घालतो, कोट कोपरांशी अडकतो आणि माझा जीव भांड्यात पडतो.

मागच्या रविवारीही तसाच अडकला. ती हसत स्वयंपाकघरात गेली. मी हात मागे अडकलेला तसाच उभा राहिलो आणि मनात आलं, इतकी वर्षं पडून पडून कापडच आटलं असेल तर? हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.