धुरींची ठासणीची बंदूक

दुकानदाराने काउंटरवर तीन बंदुका शेजारी शेजारी मांडल्या, आणि गुरुनाथ धुरीने भिंतीवरच्या चौथीकडे बोट दाखवले.

"ती?" दुकानदाराने पांढरी दाढी खाजवली. "ती हौशी लोकांची. तुमची पहिलीच असेल तर या तिन्हींतली एक घ्या. दारू पेटवणारी केप मागे बंदिस्त बसते, भिजत नाही. वर दुर्बीण चढवता येते. मागचा आटा फिरवला की नळी आरपार मोकळी, दहा मिनिटांत धुऊन होते. त्या चौथीचा घोडा बाहेर, केप उघड्यावर. दमट हवेत चाप ओढाल आणि नुसतं 'टक्' ऐकाल. हरिण तुमच्याकडे बघून हसेल."

"चारही ठासणीच्याच ना?"

"चारही. नळीच्या तोंडातून दारू, वर गोळी, गजाने ठासायचं, एक बार. मग पुन्हा पहिल्यापासून. बसणार कुठे तुम्ही? मचाणावर की जमिनीवर?"

त्या प्रश्नाने गुरुनाथ सुखावला. बसणार कुठे, असे त्याच्या घराण्यात कोणी कोणाला विचारले नव्हते.

"अजून ठरायचंय," तो म्हणाला. "मला ती दाखवा."

गुरुनाथचे वय सेहेचाळीस. ओहायोतल्या डब्लिन या उपनगरात चौदा वर्षे वास्तव्य, एका विमा कंपनीच्या दाव्यांची जुनी संगणकयंत्रणा चालती ठेवण्याचे काम, आणि व्हिसा तात्पुरता. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा अर्ज लेकीच्या पहिलीच्या वर्षी लागला होता. लेक आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि अर्ज होता तिथेच होता. जन्म सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. तिथे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक असे, पण ती खोतांच्या घरी. शिकार ठरली की बंदूकवाले बारीवर बसत, म्हणजे जिथून जनावर फुटायचे त्या वाटेवर दबा धरून. आणि धुरी मंडळी रानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हाकारा घालत, आरोळ्या ठोकून जनावर बारीकडे पिटाळत. गुरुनाथच्या वडिलांनी तीस वर्षे हाकारा घातला. डुकराने एकदा त्यांची मांडी फाडली, तेव्हाही बार त्यांनी नुसता ऐकला. "बारीवरच्याला जनावर दिसतं," ते म्हणत, "आपल्याला त्याची शेपटी." गावचा नियम साधा होता: ज्याच्या हाती बंदूक, तो बारीवर. धुरींच्या हाती बंदूक कधी आली नाही, म्हणून धुरी बारीवर कधी गेले नाहीत. गुरुनाथने हा नियम सृष्टीच्या नियमांइतकाच पक्का मानला होता, आणि इथेच तो फसला.

कंपनीत ब्रेंट यॉडर नावाचा माणूस होता. आठ वर्षांपूर्वी तो शिकाऊ म्हणून आला तेव्हा दाव्यांची यंत्रणा त्याला गुरुनाथने शिकवली. पुढे विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. ती घेतली तर ग्रीन कार्डाची कागदपत्रे पुन्हा मुळापासून करावी लागतील, असे कंपनीच्या वकिलांनी सांगितल्यामुळे गुरुनाथने ती नाकारली, आणि ब्रेंटने घेतली. ब्रेंट त्याला 'गुरू' म्हणे. नाव आखूड करण्याची ती पद्धत होती. त्यात आदर शोधणे व्यर्थ होते, तरी पहिले वर्षभर गुरुनाथने तो शोधला.

ब्रेंटच्या वडिलांचे शेत डब्लिनपासून दीड तासावर. दर जानेवारीत ठासणीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेले हरणांच्या शिकारीचे चार दिवस आले की कंपनीतले तिघे-चौघे तिथे जात. सोमवारी त्यांच्या बोलण्याला वेगळाच रंग असे. कोण कुठे बसला, कोणाचा बार कसा गेला. गुरुनाथ कॉफीचा कप हातात धरून त्या बोलण्याच्या कडेला उभा राही. मागच्या उन्हाळ्यात धीर करून त्याने ब्रेंटला सांगितले, "आमच्याकडेही ठासणीच्या बंदुकीनेच शिकार करतात."

"खरं की काय?" ब्रेंटने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग बंदूक घे आणि ये."

बंदूक घे आणि ये. गुरुनाथने ते वाक्य गावच्या नियमाने वाचले.

आधी त्याने आसावरीला फोन केला. ती ओळखीची, व्हिसाच्या प्रकरणांतली वकील. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला मनाई आहे, तिने सांगितले. शिकारीचा परवाना असेल तर ती मनाई उठते. आणि जुन्या धाटणीची ठासणीची बंदूक तर केंद्राच्या कायद्याने बंदूकच धरली जात नाही.

"म्हणजे घ्यायला हरकत नाही?"

"हरकत नाही हो, पण धुरी, तुमची केस इतकी वर्षं लाइनमध्ये आहे. उद्या कोणी ऑफिसर विचारेल, ही कसली गन? तुम्ही कायदा समजावत बसणार का त्याला? घ्यायचीच तर अशी घ्या, की बघणाऱ्याला ती म्युझियममधली वाटेल."

अशी त्याची निवड झाली. इतर गिऱ्हाईके नेम, पल्ला, वजन बघतात. गुरुनाथने कायद्याला जी सर्वांत कमी बंदूक वाटेल ती बंदूक घेतली. अक्रोडाचा दस्ता, पितळी पट्ट्या, बाहेर काढलेला घोडा. ती खोतांच्या बंदुकीसारखी दिसत होती, हे मात्र त्याने आसावरीला सांगितले नाही आणि दुकानदारालाही नाही.

घरी अहिल्येने बंदुकीकडे बघितले आणि नवऱ्याकडे बघितले.

"हरणं मारणार? तू? मागच्या अंगणात येतात तेव्हा काच ठोकून 'शू शू' करतोस. त्यांनी कधी तुझं ऐकलंय?"

"रीतसर कोर्स केलाय मी. परवाना काढलाय."

"बाबा, सीरियसली?" सुट्टीवर आलेली लेक, कादंबरी, सोफ्यावरून उठून बसली. "ब्रेंट अंकलला इम्प्रेस करायला गन?"

"ही गन नाही, बाळा. लीगली नाही."

"देन व्हॉट इज इट? वॉकिंग स्टिक?"

अहिल्या हसली, मग हसू आवरून म्हणाली, "जाऊ दे गं. चौदा वर्षांत त्याला कोणी बोलावलं तरी." त्या वाक्यातली दया गुरुनाथला लेकीच्या टोमण्यापेक्षा जास्त लागली.

पण तो मागे हटला नाही. सप्टेंबरपासून दर रविवारी सरकारी चांदमारीच्या मैदानावर गेला. मोजून दारू ओतायची, तेल लावलेल्या कापडाच्या चकतीत शिशाची गोळी गुंडाळायची, गजाने सारख्या दाबाने ठासायची, घोडा अर्धा चढवून केप बसवायची. पहिल्या महिन्यात धुराखेरीज काही साधले नाही. नोव्हेंबरात साठ पावलांवरून ताटलीएवढ्या वर्तुळात पाचांपैकी चार गोळ्या पडू लागल्या. दर खेपेस घरी येऊन तो गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवी, कारण ती दारू लोखंड खाते. आणि धुताना मनाशी जागा ठरवी. जमिनीवर, ओढ्याच्या काठी, पाठ झाडाला टेकून.

जानेवारीच्या त्या शनिवारी यॉडरांच्या स्वयंपाकघरात सातजण जमले. ब्रेंटचे वडील मर्ल, वय अठ्ठ्याहत्तर, टेबलाच्या डोक्याशी. प्रत्येकाने बंदूक भिंतीला लावून ठेवली, आणि गुरुनाथने बघितले की भिंतीला सात बंदुका आहेत. सहा काळ्या, दुर्बिणींच्या. सातवी पितळी पट्ट्यांची.

"देखणी आहे," मर्ल म्हणाले. "माझ्या आज्याकडे अशी होती." मग त्यांनी कॉफीचे कप सरकवून टेबलावर जागा दाखवायला सुरुवात केली. ओढ्याचा काठ ब्रेंटचा. अक्रोडाखालची जागा त्यांची स्वतःची. कुंपणाचा कोपरा शेजारच्या डेनिसचा, कारण अर्धे कुंपण त्याचे. कंपनीतल्या दोघांना मक्याच्या शेताची कड; त्यांचे बाप मर्लबरोबर शाळेत होते. उतारावरचे मचाण टायलरला. टायलर म्हणजे घरचा जावई. लग्नाला तीन महिने झाले होते आणि बंदुकीचे किमतीचे लेबल अजून निघाले नव्हते.

कप संपले.

"आणि गुरू, तू रानातून चाल," ब्रेंट म्हणाला. "पलीकडच्या रस्त्यावर सोडतो तुला. टाळ्या वाजव, आवाज कर, आमच्या दिशेने ये. नवा माणूस चालतो, अशी पद्धत आहे."

"टायलरही पहिल्यांदाच येतोय ना?" गुरुनाथने शक्य तितक्या सहज विचारले.

"टायलर?" मर्लना प्रश्नच कळला नाही. "तो जावई आहे."

त्यावर मराठी माणसाने तरी काय बोलावे? गुरुनाथ हसला. "नवा माणूस किती वर्षं नवा असतो?"

"ते कुठे लिहून ठेवलेलं नाही," डेनिस म्हणाला, आणि सगळे हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. असता तर गुरुनाथला राग धरता आला असता.

"आणि हो," ब्रेंटने गाडीतून उतरवताना बजावले, "केप काढूनच चाल. पुढे माणसं बसली आहेत."

गाडी गेली. बर्फ घोट्याएवढे होते. गुरुनाथने भरलेल्या बंदुकीवरची केप काढून खिशात टाकली आणि रानात शिरला. जंगली गुलाबाच्या काटेरी जाळ्या कमरेएवढ्या होत्या. आधी त्याने टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांत त्यांचा आवाज उशी थोपटल्यासारखा आला. मग त्याच्या गळ्यातून एक आरोळी निघाली, लांब, शेवटाला वर चढणारी, "होऽऽ हो हो होऽऽ". ती त्याला कोणी शिकवली नव्हती. रान हलले. चार-पाच हरणे जाळीतून उठून शेपट्यांचे पांढरे गोंडे उभारत उताराकडे गेली. त्याने शेपट्या बघितल्या. मग उतारावर बार झाला, थोड्या वेळाने ओढ्यावर दुसरा.

टायलरने नर पाडला होता. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मर्ल मात्र सरळ गुरुनाथकडे आले आणि त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तीस वर्षांत या रानातून असं कोणी हरिण काढलं नाही. कुठे शिकलास?"

"घरी," गुरुनाथ म्हणाला.

गावाकडे वाटे पडत. बंदुकीचा वाटा मोठा, डोके आणि मांडीचा एक फरा. पण हाकाऱ्यांचा वाटा हक्काचा, तो मागावा लागत नसे आणि त्याबद्दल आभार मानायचे नसत. इथे हरिण ज्याने मारले त्याचे. मर्लच्या पत्नीने गुरुनाथच्या हातात फ्रीजरमधले मागच्या वर्षीच्या सॉसेजचे पाकीट ठेवले, आणि त्याने तीनदा थँक यू म्हटले. कायद्याने बंदूक नसलेली बंदूक, आणि कुठल्याच रीतीने वाटा नसलेला वाटा.

"भरलेली घरी नेऊ नकोस," निघताना ब्रेंट म्हणाला. "त्या बांधात बार काढून टाक."

गुरुनाथने केप बसवली, घोडा चढवला आणि मातीच्या बांधावर चाप ओढला. दमट हवा असूनही बार पहिल्या फटक्यात उडाला. पांढरा धूर हळूहळू निवळला.

"लागला!" टायलर ओरडला. "बांध जागच्या जागी ठार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुनाथनेही कमरेत वाकून मुजरा केला. तो का केला, हे घरी पोचेपर्यंतच्या दीड तासात त्याला उमगले नाही.

सोमवारी कंपनीच्या बैठकीत ब्रेंटने ती आरोळी करून दाखवली. शेवटाला स्वर वर जायला हवा होता, तो त्याने खाली नेला. "तसं नाही," गुरुनाथ म्हणून गेला. "मग तू दाखव," सगळे म्हणाले. आणि त्याने दाखवली: बाराजणांसमोर, पडद्यावर दाव्यांचे तक्ते असताना, बापाची आरोळी, बरोबर स्वरात. हशा पिकला. आज तो बोलण्याच्या कडेला नव्हता, अगदी मधोमध होता.

नंतर पॅन्ट्रीत ब्रेंट त्याच्याजवळ आला. "बाबा तुझ्यावर खूश आहेत. पुढच्या वर्षी पलीकडचं रानही हाकून घ्यायचं म्हणतात. दोघं-तिघं लागतील. तुमच्या लोकांपैकी कोणी येईल का? तू माणसं आणलीस तर तुला कोपऱ्यावर बसवू. डेनिसचे गुडघे गेलेत तसेही."

गुरुनाथ यावर विचार करतो म्हणाला. तो विचार जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला.

ऋषी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसे. नागपूरचा, सत्तावीस वर्षांचा, कंत्राटावर येऊन आठ महिने झालेला. डबा एकटाच खायचा. गुरुनाथ त्याच्यासमोर जाऊन बसला तेव्हा त्याने घाईने दुसऱ्या खुर्चीवरचे जाकीट उचलले.

"शनिवार-रविवार काय करतोस रे?"

"काही नाही, दादा. लाँड्री, ग्रोसरी. इथे कोणी बोलावत पण नाही ना यार."

"पुढच्या जानेवारीत ब्रेंटच्या फार्मवर चल. शिकारीला."

ऋषीच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो गुरुनाथने ओळखला, आणि ओळखून नजर डब्याकडे वळवली.

"सही! पण मला गन घ्यावी लागेल ना? कुठली घेऊ, तुम्हीच सांगा. तुम्ही तर एवढा रिसर्च केलाय."

गुरुनाथपाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. कुठली केप भिजते, कुठली नळी लवकर धुतली जाते, साठ पावलांवर दारू किती घालावी. पितळी पट्ट्यांच्या बंदुकीला कोणीही गन म्हणत नाही, हेही.

"तुला नाही लागणार," तो म्हणाला. "एका दिवसात शिकाऊ परवाना निघतो, तेवढा काढ. लांबून दिसायला केशरी बंडी लागते, ती मी देतो. नुसतं रानातून चालायचं."

"आणि तुम्ही?"

"मी कोपऱ्यावर बसणार आहे."

ऋषीने फोन काढून तारखा विचारल्या. गुरुनाथने त्या सांगितल्या, वर्षभर आधी, तोंडपाठ. मग त्याने त्या मुलाकडे नीट बघितले: उंची, खांदे, पाय.

"तुझा आवाज कसा आहे?" त्याने विचारले. "मोठा आहे?"